पंचाचं ताट

पुतळ्याला डोकं म्हणून जुना टीव्ही बसवला होता. खाली गवत भरलेली काळी पँट, काळा शर्ट, गळ्यात शिट्टी, आणि मानेवर तो मोठ्या पोटाचा टीव्ही. काचेवर चुन्यानं दोन डोळे काढलेले. गल्लीतल्या पोरांनी तो आणून माझ्या दारासमोर टेकवला तेव्हा मी उंबऱ्यावर बसून खोबरं किसत होते.

"आक्का, उद्या ह्योच येणार न्हवं तुमच्याकडं जेवायला?"

"येऊ दे की. टीव्ही कुणाचा रे?"

"जगूतात्याचा. बंदच पडलाय."

"त्याच्या बायकोला विचारलंत काय? नाहीतर उद्या ती माझ्या दारात येऊन गळा काढंल."

पोरं हसली. एकानं पुतळ्याचा हात धरून मला नमस्कार करायला लावला.

"जाळायचा तर चौकात न्या," मी म्हटलं. "माझ्या सैपाकात राख नको."

त्यांनी तो चौकात नेला आणि पेटवला. चौक माझ्या दारातून दिसतो. गवत भुर्रकन गेलं, मग टीव्हीची काच फुटली. आवाज असा झाला की मागच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं हिसडलं. मी मान वर करून बघितलं, तर माझा रणधीर गर्दीच्या कडेला हाताची घडी घालून उभा. तालमीचा अध्यक्ष तो. एक शब्द बोलला असता तर पोरं थांबली असती. तो बोलला नाही.

राग कशाचा होता ते सांगते. आमच्या कोल्हापुरात पोरगं धड चालायला लागलं नाही तोवर त्याच्या पायाशी बॉल येतो. माझा नातू इंद्रजित, रणधीरचा मुलगा, त्या वर्षी भारताच्या कोवळ्या पोरांच्या संघात निवडला गेला होता. परक्या देशाशी दोन मॅच होत्या, एक त्यांच्या गावात आणि एक आमच्या. तिकडच्या मॅचमध्ये इंद्रजितनं गोल मारला. इथं चौकात पडदा लावून सगळी पेठ बघत होती. गुलाल उधळून झाला, ढोल सुरू झाला, आणि मग पडद्यावर दिसलं की पंच कानाला बोट लावून उभा आहे.

हे नवीनच आलं होतं तेव्हा. मैदानात शिट्टी घेऊन पळणारा एक पंच असतोच. आता बाहेर एका गाडीत दुसरा बसतो, समोर ढीगभर पडदे मांडून. पळणाऱ्याला जे दिसलं नाही ते हा बघतो, मागं फिरवतो, थांबवतो, परत बघतो आणि त्याच्या कानात सांगतो. त्या दिवशी या बसणाऱ्यानं पडद्यावर एक रेघ ओढली आणि म्हणाला, इंद्रजितच्या बुटाचं टोक रेघेच्या पुढं आहे. गोल रद्द. मॅच गेली. अंगावरचा गुलाल धुवायलाही लोकांना लाज वाटली.

तो बसणारा माणूस लंकेचा होता, नाव रुवन. आमच्या मॅचलाही तोच येणार होता. पेठेनं त्याचं नाव ठेवलं रावण, आणि तो माझ्याकडं जेवणार होता.

पंचाला ताट वाढायचं काम आमच्या घराकडं माझ्या आजेसासऱ्यापासून आहे. तेव्हा कुस्त्या होत्या. एका मोठ्या कुस्तीच्या दिवशी पंच जेवून उठला आणि आडवा झाला, त्याच्या जागी दुसरा उभा केला, आणि गावात काठ्या निघाल्या. तेव्हापासून ठरलं की मोठ्या सामन्याच्या दिवशी पंचानं एकाच घरी जेवायचं, दोन्ही बाजूंचा एकेक माणूस समोर बसवायचा, आणि पंचाच्या ताटातला पहिला घास त्या घरच्या कर्त्यानं सगळ्यांदेखत खायचा. कुस्तीचं फुटबॉलला लागू झालं. आजेसासऱ्यांनी खाल्ला, मामंजींनी खाल्ला, आमच्या मालकांनी खाल्ला. मालक गेल्यावर तालमीत चर्चा झाली की आता बाईमाणसानं कसं. मी निरोप पाठवला, की घास तोंडानं खातात आणि तोंड मला आहे, हे तुम्हाला आजवर कळलं नसेल तर समोर येऊन ऐका. कुणी आलं नाही. तेव्हापासून मी खाते.

पुतळा जळून गेल्यावर रणधीर घरात आला. मी चुलीपुढं मसाला भाजत होते. तो पाट ओढून बसला. रणधीर सैपाकघरात बसतो तेव्हा त्याचं काहीतरी काम असतं.

"आई, उद्या तो माणूस बसला नाही पाहिजे."

"कुठं?"

"गाडीत. पडद्यापुढं."

"मग उभा राहू दे."

"चेष्टा नको. त्याची तब्येत जरा बिघडली तर त्याच्या जागी जो बसणार तो आपल्या ओळखीचा आहे. जीवाला काही होणार नाही. दोन वेळा बाहेर पळाला की झालं. बाहेरचा माणूस, तिखट सोसलं नाही म्हणतील."

मी मिरच्या परतत राहिले. धूर त्याच्या डोळ्यांत गेला, तरी तो उठला नाही.

"उद्या मोठ्या संघाचे लोक येणार आहेत पोराला बघायला," तो म्हणाला. "पुन्हा येणार नाहीत ते कोल्हापूरला. उद्याच काय ते."

"मग पोराला खेळू दे. तू कशाला पळतोयस?"

"खेळंल की. पण हा माणूस बसला तर..."

"तर पोरगं पडलेलं त्याला दिसंल."

रणधीरनं धुरानं भरलेले डोळे पुसले. इंद्रजित पडायचा, ही गोष्ट घरात कुणी बोलत नव्हतं. गोलापुढच्या चौकोनात शिरला आणि कुणाचा वारा जरी लागला तरी तो असा कोसळायचा की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. गावातल्या मॅचमध्ये त्यानं कितीतरी पेनल्टी अशाच घेतल्या. लहानपणीचीच खोड. अंगणात पडायचा आणि कोण बघतंय ते बघून मग रडायचा. त्याची आई धावायची. मी म्हणायचे, ऊठ, झाली नाटकं.

"सगळेच पडतात, आई. टीव्हीवर बघ, मोठमोठे पडतात."

"मोठमोठ्यांची आज्जी मी नाही."

"एवढं एकदाच."

"रणधीर, माझ्या ताटात पंच जेवतो आणि पहिला घास मी खाते. या घरात तुला दुसरं काय मिळालंय ते दाखव मला. तालमीचं अध्यक्षपद तुला तुझ्या तोंडाकडं बघून दिलं नाही कुणी. या ताटावर दिलंय."

त्यानं खाली बघितलं. मग म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं."

आणि उठून गेला.

माझी सून शैला दारात पीठ चाळत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "ऐकलं की त्यांनी, आत्याबाई," ती म्हणाली.

"हो. ऐकलं," मी म्हटलं. पण मसाला करपला तरी माझं लक्ष नव्हतं. चपलेपासून लग्नापर्यंत एकही गोष्ट रणधीरनं माझ्याशी भांडल्याशिवाय कबूल केली नव्हती. आणि आज बरं म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंच आले. पुढं आमच्या फुटबॉल कमिटीचे दळवी मास्तर, कारण इंग्रजी त्यांना येतं. मागं पळणारे तिघं, एक शिट्टीवाला आणि दोघं कडेच्या रेघेवरचे, गोरेपान, पोटऱ्या नुसत्या दोरखंडासारख्या. आणि शेवटी रुवन. बुटका, सावळा, कपाळावरचे केस मागं गेलेले, चष्मा. पोरांनी एवढा मोठा टीव्ही बसवला होता, आणि हा असा, पोस्टात तिकिटं देणाऱ्यासारखा. गल्लीत दोन्हीकडं माणसं उभी होती. कुणी शिवी दिली नाही. नुसती बघत होती. म्हाताऱ्या बायकासुद्धा खिडकीत येऊन गप्प उभ्या. आमच्या गल्लीत एवढी शांतता मी फक्त मयताला बघितलेली.

पळणाऱ्यांना मॅचआधी जड खायचं नसतं. त्यांनी ताक घेतलं, एकेक केळं खाल्लं, पद्धत म्हणून माझ्या हातून थोडी साखर घेतली आणि हॉटेलवर गेले. बसणारा राहिला. त्याला पळायचं नव्हतं, तो जेवणार होता.

सोप्यात पाट मांडले. एका बाजूला त्या परक्या संघाचा मॅनेजर, गळ्यात ओळखपत्र घातलेला. दुसऱ्या बाजूला आमच्याकडून रणधीर. मधे रुवन, शेजारी मास्तर. मी पदर खोचून ताट वाढायला आत वळले, तर रणधीर उठला.

"तू बस, आई. मी आणतो."

तो आत गेला आणि भरलेलं ताट घेऊन आला. भाकरी, सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, कांदा, लिंबू. सगळं नीट मांडलेलं. ताट त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं.

जन्मात ज्यानं स्वतःच्या पाण्याचा तांब्या उचलला नाही, तो माणूस ताट घेऊन आला.

मी शैलाकडं बघितलं. ती सैपाकघराच्या दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. माझ्याकडं बघेना.

"वाढलं कुणी?" मी विचारलं.

"तुझ्याच भांड्यातलं आहे," रणधीर म्हणाला. "खा घास. उशीर होतोय त्यांना."

मी ताटापुढं बसले. समोर रणधीर. मॅनेजर मोबाइलवर माझा फोटो काढत होता. रुवन हात धुऊन बसला होता आणि जेवण बघून मास्तरांना काहीतरी विचारत होता, बहुतेक तिखट किती आहे.

मी हात पुढं केला. भाकरीवर ठेवला. ताटाकडं बघत नव्हते, रणधीरकडं बघत होते. त्याचं तोंड होतं तसंच. हात सुक्या मटणावर नेला. काही नाही. तांबड्या रश्शाच्या वाटीवर नेला. तो सहज दाराकडं बघून परत वळला. पहिला घास मी नेहमी भाकरी तांबड्यात बुडवून खाते, हे त्याला लहानपणापासून माहीत. पांढऱ्या रश्शाला मी कधी शिवत नाही, नारळाचं दूध मला सोसत नाही. हेही त्याला माहीत.

मी हात पांढऱ्या रश्शाच्या वाटीवर नेला.

त्याचा कंठमणी वर गेला आणि खाली आला. बाकी काही हललं नाही.

मी वाटी उचलली. एक घोट घेतला, वाटी खाली आणली आणि त्याच्याकडं बघितलं. तो माझ्या हाताकडं बघत होता. दुसरा घोट घेतला. परत थांबले. मास्तर म्हणाले, "आक्का, आज पांढरा?"

"आज तोंडाला चव नाही मास्तर. बघते येते का."

तिसरा घोट. थांबले. बाहेर गल्लीत कुणाचंतरी पोरगं बॉल भिंतीवर मारत होतं, त्याचा आवाज येत होता. रणधीरनं ओठ उघडले. मी वाटी तोंडापासून लांब धरून थांबले. तेवढ्यात मॅनेजर हसून काहीतरी म्हणाला आणि रणधीरनं ओठ मिटले.

मी उरलेला रस्सा संपवला. वाटी पालथी घातली.

रुवन माझ्याकडं बघत होता. त्यानं मास्तरांना विचारलं, मास्तरांनी मला सांगितलं, "हे विचारतात, पहिला घास एवढा मोठा असतो काय तुमच्यात?"

"सांगा, घर तसा घास."

ताट उष्टं झालं म्हणत मी ते उचललं, गोठ्यामागं रिकामं केलं आणि स्वतः चुलीजवळ जाऊन नवं ताट वाढलं. माझ्या पातेल्यातलं, माझ्या पळीनं. परत आणलं, त्यातला घास नेहमीसारखा तांबड्यात बुडवून खाल्ला, आणि मग रुवन जेवला. तिखटानं त्याच्या चष्म्यावर धुकं आलं. चष्मा काढून पुसत पुसत जेवला, भाकरी मागून घेतली. जाताना त्यानं दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला. पोटात पहिली कळ आली ती तेव्हाच. मी दाराच्या चौकटीला धरून हसले आणि मान हलवली.

रणधीर त्यांच्याबरोबर गेला. जाताना वळून बघितलं नाही.

मॅच चारला होती. तोवर मी अर्धी झाले होते. जे एका धट्ट्याकट्ट्या माणसाला दोन वेळा पळवायला घातलं होतं, ते माझ्या वयाच्या बाईच्या पोटात गेल्यावर काय करतं ते सांगण्यासारखं नाही. शैलानं मला मधल्या खोलीत आडवं केलं, पायाखाली उशी दिली, साखरमिठाचं पाणी पाजत राहिली. ते राहत नव्हतं.

"डॉक्टरांना बोलावते."

"कुठले डॉक्टर? सगळी पेठ मैदानावर आहे."

"रणधीररावांना फोन लावते मग."

"फोनला हात लावलास तर बघ."

ती रडायला लागली. बाहेर गल्ली मोकळी पडली होती. दुकानांची फळकुटं लावलेली, कुत्रं सुद्धा नव्हतं. टीव्ही पुढच्या खोलीत लावला होता आणि माझ्या खाटेवरून अर्धा पडदा दिसत होता. मैदान आमच्यापासून इतकं जवळ आहे की आरोळी आधी कानावर येते आणि टीव्हीवर चित्र मागाहून येतं. मधे श्वास घ्यायला जागा असते. त्या दिवशी ती जागा फार मोठी वाटली.

पहिल्या अर्ध्यात इंद्रजित दोनदा पडला. दोनदाही पंचानं बघून न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या वेळी इंद्रजितनं चिडून बॉल लांब भिरकावला आणि पिवळं कार्ड घेतलं. अजून एक मिळालं असतं तर बाहेर.

"खलबत्ता सकाळी धुऊन पालथा घातला होता," शैला एकदम म्हणाली. माझे पाय चोळत होती, माझ्याकडं पाठ करून. "त्यांनी धुतला होता. मी बघितलं. मला कळलं होतं, आत्याबाई."

मी पाय आखडून घेतले.

"माझं पोरगं आहे ते. मला वाटलं, एका माणसाचं एक दिवस पोट बिघडलं तर काय बिघडलं. तुम्ही पांढरा पित नाही म्हणून..." ती थांबली. "पण तुम्हाला कळलं होतं ना? मग सांडायची होती की वाटी. हात लागला म्हणायचं. कुणाला काय कळलं असतं?"

"पाणी दे," मी म्हटलं.

मैदानावरून आवाज आला. आरोळी नव्हती. हजारो माणसांनी एकदम शिवी घातल्यासारखा. शैला उठून टीव्हीपुढं गेली आणि उभीच राहिली. पडद्यावर अजून काही झालेलं नव्हतं. इंद्रजित बॉल घेऊन चौकोनाकडं निघाला होता, केस उडत होते, आणि त्याला माहीत नव्हतं पण आम्हाला माहीत होतं की पुढं वाईट आहे.

तो पडला. नेहमीसारखाच पडला, हात वर, तोंड मातीत. पंच धावत आला, खिशात हात घातला, आधी पिवळं दाखवलं, मग लाल. तिसरं नाटक सहन करायला तो काय आज्जी नव्हता. इंद्रजित गुडघ्यावर बसून दोन्ही हात जमिनीवर आपटत होता. मग उठला. लंगडत बाहेर निघाला.

"नाटकी," मी म्हटलं.

"नाही," शैला म्हणाली. "डावा पाय टेकवत नाही तो. खोटं लंगडतो तेव्हा उजव्यानं लंगडतो."

बाहेरचा आवाज वाढत गेला. काहीतरी फुटल्याचं ऐकू आलं, बाटल्या असाव्यात. पोलिसांची शिट्टी. पडद्यावर कडेला काळं झालेलं दिसलं, माणसं जाळीवर चढत होती. एक क्षण कॅमेरा मैदानाबाहेरच्या त्या पांढऱ्या गाडीवर गेला. गाडीभोवती गर्दी होती आणि गाडी हलत होती. ती हलवत होते. आत तो चष्मेवाला बसलेला होता, माझ्या हातचं जेवून.

मी डोळे मिटले. पोटात परत पीळ पडला.

मग बाहेर सगळं थांबलं. आवाज असा गेला की मला वाटलं मीच गेले.

"काय झालं?"

"पंचानं कानाला बोट लावलंय," शैला म्हणाली.

पंच उभा. इंद्रजित कडेच्या रेघेवर उभा. पंच पळत मैदानाच्या कडेला गेला, तिथल्या छोट्या पडद्यात डोकं घातलं. आम्हालाही ते दाखवलं. सावकाश. परक्या पोराचा बूट इंद्रजितच्या डाव्या घोट्यावर पूर्ण दाबून पडला होता, घोटा वाकडा झाला होता, आणि मग आपला पोरगा पडला होता. एकदा दाखवलं. मागनं दाखवलं. वरनं दाखवलं.

पंचाचं डोकं अजून त्या पडद्यातच होतं, तोवर मैदानावरून आरोळी आली. खिडकीची काच थरथरली. शैला खाली बसली.

मग चित्र आलं. लाल कार्ड मागं, पेनल्टी. इंद्रजितनंच मारली, त्या दुखऱ्या पायानं. गोल झाला. मॅच जिंकली.

मिरवणूक अंधार पडायच्या आत गल्लीत आली. आधी गुलाल, मग हलगी, मग माणसं. ज्या पोरांनी पुतळा आणला होता तीच पुढं नाचत होती. आणि मधे, एका माणसाच्या खांद्यावर, फुलांच्या हारांनी भरलेला रुवन. चष्मा वाकडा, तोंडभर गुलाल, पडू नये म्हणून त्यानं खालच्या माणसाचं डोकं घट्ट धरलं होतं. खालचा माणूस माझा रणधीर होता.

माझ्या दारात मिरवणूक थांबली. मी शैलाला म्हटलं, मला उठवून बसव. तिनं भिंतीला टेकवून बसवलं.

रणधीर आत आला तो हसत आला. दारातच त्याचं हसू गेलं. मागनं मास्तर आणि रुवन आले, पंचाचं ताट वाढलेल्या घराचे पाय धरायला. रुवननं खाली बघितलं. खाट, घमेलं, ओली चादर, माझं तोंड. मग त्यानं सावकाश वळून रणधीरकडं बघितलं, मग परत माझ्याकडं, मग परत रणधीरकडं. पडदे बघणारा माणूस तो. मागं फिरवून बघत होता. मी बघितलं त्याला बघताना.

"काय झालं आक्का?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. म्हातारपण. नारळाचं दूध बाधलं."

मास्तर म्हणाले, "हे सांगत होते, पोरगं आधी दोनदा खोटं पडलं ते त्यांनी बघितलं. तिसऱ्यांदा खरं पडलं, तेही बघितलं. जे दिसलं ते कानात सांगितलं, एवढंच म्हणतात." मग हसून म्हणाले, "यांना काही झालं तर यांच्या जागी बसणार होता तो बदलीवाला शेजारीच होता, तो म्हणत होता सोडा हो, हे पोरगं नेहमीच पडतं, आम्हाला माहीत आहे."

रणधीर भिंतीला टेकला.

रुवननं गळ्यातले हार काढले आणि माझ्या उशाशी ठेवले.  जाताना तो रणधीरच्या अंगावरून गेला, पण त्याच्याकडं बघितलं नाही. बाहेर परत हलगी सुरू झाली.

मला दवाखान्यात न्यावं लागलं. सलाइन लावलं, दोनदा नाडी लागेना म्हणून धावपळ झाली असं शैला नंतर सांगत होती. इंद्रजित घोट्याला प्लास्टर घालून येऊन बसायचा. त्याला कुणी काही सांगितलं नाही. मोठ्या संघाच्या लोकांनी त्याला बोलावलं होतं, तेच सांगत बसायचा. रणधीर दारापाशी उभा राहायचा आणि जायचा. मग एका दुपारी खोलीत दुसरं कुणी नसताना तो स्टूल ओढून बसला.

बराच वेळ सलाइनच्या बाटलीकडं बघत होता.

"तू पांढरा पित नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"तुला कळलं होतं."

"हो."

"मग एका घोटात कळलं होतं ना. थांबायचं होतंस. टाकून द्यायचं होतंस. सगळं का प्यालीस, आई?"

मी त्याच्याकडं बघितलं. तोंडावरचा गुलाल धुतला होता, पण कानामागं थोडा राहिला होता.

"प्रत्येक घोटाला थांबले मी," मी म्हटलं. "तू थांब म्हणशील म्हणून."

तो उठला नाही. रडला नाही. स्टुलावर तसाच बसून राहिला, नर्स येऊन बाटली बदलून गेली तरी.

आता त्याला बरीच वर्षं झाली. इंद्रजित मोठ्या संघात खेळला, घोट्यानं साथ दिली तोवर. आता पोरांना शिकवतो, आणि कुणी पोरगं खोटं पडलं तर त्याला मैदानाबाहेर बसवतो. मोठे सामने अजून होतात, पंच अजून आमच्याकडंच जेवतात. माझे हात थरथरतात, तरी ताट मी वाढते. फक्त पहिला घास आता मी खात नाही. दवाखान्यातून आले त्यानंतरच्या पहिल्याच सामन्याला रणधीर कुणाला न विचारता ताटापुढं जाऊन बसला, आणि तेव्हापासून तोच खातो.

आधी पांढऱ्या रश्शाची वाटी उचलतो. तोंडाला लावायच्या आधी थांबतो आणि माझ्याकडं बघतो. रश्शात काय आहे ते त्याला माहीत नसतं. मला माहीत असतं.

मी काही बोलत नाही. तो पितो.